माझं माप घ्या

अक्का, तू गेलीस त्याला आज सहावा दिवस. सकाळपासून मी तुझ्या बाकावर तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. शिलाई मशीनपुढचा तो बाभळीचा रुंद बाक, अप्पांनी सुताराला घरी बोलावून खास तुझ्यासाठी करून घेतलेला. आता त्यावर कुणी बसत नाही. गिरिजा म्हणाली, "तुमीच बसा, तुमालाच तो पुरतोय." माझी बायको आहे, पण तिला गोड बोलणं कधी जमलं नाही. पुरतो खरंच. बहीण-भावात सारखं काय म्हटलं की लोक नाक-डोळे सांगतात, आपल्यात हा बाक सारखा आहे.

भेटायला माणसं येतायत. आली की चहा, मग एक सुस्कारा, आणि मग हमखास तेच वाक्य, "सुटली बिचारी." कालपर्यंत मी मान हलवत होतो. आज एका पाहुण्याला विचारलं, कशातून सुटली म्हणता? तो गडबडला. माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. माझ्यापुढं ते बोलता येईना त्याला. तुझ्यापुढं मात्र सगळ्यांना बोलता येत होतं.

हे कागद मी शांतपणे लिहीत नाही, हे आधीच सांगतो. चार ओळी झाल्या की उठतो, दुकानाच्या दारापर्यंत जातो, गुळाच्या ढेपांवर हात फिरवतो, परत येतो. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, आणि तुझ्या एका प्रश्नाला मी सात वर्षांपूर्वी खोटं उत्तर दिलंय. भांडणाचं एक वेळ राहू दे. त्या उत्तराचं काय करायचं ते कळत नाही.

तुला आठवत असेल, सगळं त्या तापापासून सुरू झालं. मी पाच वर्षांचा, तू आठ. दोघांना एकदमच मुदतीचा ताप. अव्वानं, आईच ती, वळसंगच्या आपल्या देवळात जाऊन नवस बोलला की दोन्ही लेकरं उठली तर दोघांची तुला करीन, दोघांच्या भाराइतका गूळ देवाला देईन. आपण उठलो. उठलो ते असे उठलो की मग वाढतच गेलो. अप्पा म्हणायचे, देवानं नवसाचा गूळ आधीच वसूल करायला घेतलाय. या विनोदावर घर हसायचं. तू सुद्धा हसायचीस, दहा-बारा वर्षांची होईपर्यंत.

त्यानंतर आपल्या दोघांच्या अंगाला लोकांनी वेगवेगळी नावं दिली. मी भारदस्त झालो, तू जाड झालीस. मी बाजारात आलो की आडत्यांची माणसं आतून मोठी खुर्ची आणायची. तू कुणाकडं हळदीकुंकवाला गेलीस की तुझ्या आधी सगळ्यांची नजर खुर्चीकडं जायची, टिकते की नाही म्हणून. तू बसायच्या आधी हातानं खुर्ची दाबून बघायचीस. पुढंपुढं तू भिंतीला टेकून उभीच राहायला लागलीस आणि म्हणायचीस, "बसून बसूनच आलेय की, हुबी ऱ्हाते जरा." घरी आल्यावर तुझे पाय सुजलेले असायचे.

पंगतीत तू एक भाकरी झाली की ताटावर हात धरायचीस. "साकु," म्हणायचीस, पुरे. अव्वाचं कानडी तुझ्या तोंडात तेवढ्या एका शब्दापुरतं फार गोड यायचं. मी मात्र चार भाकऱ्या आणि मूठभर शेंगाचटणी खायचो आणि वाढणाऱ्या बाया कौतुकानं बघायच्या. दुपारी तीनला सगळे झोपले की तू मागच्या खोलीत कडक भाकरीचे तुकडे गुळाबरोबर खायचीस, उभ्यानं, दाराकडं पाठ करून. मला ते ठाऊक होतं. एकदा मी पाणी प्यायला आत आलो तर तू तोंडातला घास तसाच धरून थांबलीस. मी काही दिसलंच नाही असं करून बाहेर आलो. तेव्हा मला वाटलं, आपण किती समजूतदार. आज वाटतं, एक तुकडा मागून घ्यायला काय झालं होतं.

बार्शीचं स्थळ तर मी विसरणार नाही. धान्याचा व्यापारी, मुलगा माझ्यापेक्षाही सव्वापट. घरातली एकही खुर्ची त्याच्या भरवशाची वाटेना, म्हणून अप्पांनी मशीनपुढचा हाच बाक बाहेर आणवला. तुझ्या बाकावर बसून त्यानं शिरा खाल्ला, दोनदा मागून घेतला, आणि आठवड्यानं निरोप आला की मुलगी अंगानं जास्त आहे. मी त्या निरोपावर पोट धरून हसलो होतो. घरातल्या सगळ्यांना हसवलं. तू बाक आत ओढून नेलास, फडक्यानं पुसलास आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. मुलाच्या अंगाबद्दल गिरिजाच्या माहेरचं कुणी चकार शब्द बोललं नाही. खात्यापित्या घरचा आहे, एवढं त्यांना पुरलं.

लग्नाच्या वर्षीच अव्वानं माझा नवस फेडायला काढला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष ते, दुकान तेव्हा बरं चाललं होतं. तुझा नवस का नाही, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. अव्वा म्हणाली, "गंगूचं तिच्या लग्नात करू." अप्पा हळूच म्हणाले, जरा अंग उतरू दे तिचं. तू शेजारीच बसून माझा नवा शर्ट शिवत होतीस.

देवळापुढं लाकडी चौकट उभी केली, तराजू टांगला, बँड आणला. मी एका पारड्यात मांडी घालून बसलो. दुसऱ्यात एकेक ढेप पडत होती आणि प्रत्येक ढेपेला अख्खं गाव हर हर म्हणून ओरडत होतं. माझं पारडं जमीन सोडेना. "आजून एक टाका, शेठ हालंना," असं कुणी म्हणालं की हशा. मी हात छातीवर बांधून मोठ्यानं म्हणालो, "गूळ सपला तर मला निम्मा कापा." त्यावर तर लोक लोळायचेच बाकी राहिले. सातव्या ढेपेला पारडं हललं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि तो सोडून दिला, त्यावर परत हशा.

तू देवळाच्या खांबाजवळ उभी होतीस. सगळे तराजूच्या काट्याकडं बघत होते. तू माझ्या पायांकडं बघत होतीस. मांडीखाली मी पायाची बोटं आवळून धरली होती, इतकी की नंतर उठताना पेटके आले.

दुसऱ्या दिवशी मी जेवत होतो, तू मशीनवर होतीस. मान वर न करता विचारलंस, "तम्मा, तुला कदी लाज वाटती का रं?"

मी म्हणालो, "कशाची?"

"कशाची म्हून इचारतूस?"

मी हसलो. "लाज कशाला वाटंल? गडीमानूस हाय मी."

तू बरं म्हणालीस आणि मशीन सुरू केलंस. पुढं तू हा प्रश्न मला कधी विचारला नाहीस. मी तरी काय, हात धुऊन दुकानात गेलो आणि काल पारड्यात बसून काय विनोद केला ते दोन गिऱ्हाइकांना सांगितलं.

अव्वाच्या शेवटच्या आजारात तू मलाही घेऊन डॉक्टरांकडं गेली होतीस. दोघंही दाखवून घेऊ म्हणालीस. डॉक्टरांनी आधी मला तपासलं. झोप लागते का, धंद्याचं टेन्शन आहे का, मन लागतं का कामात, असं आपुलकीनं विचारलं आणि गोळ्या दिल्या. मग तुझ्याकडं वळले. तू म्हणालीस, "सकाळी उठू वाटत न्हाय, डॉक्टर. जाग येती पर उठू वाटत न्हाय." ते म्हणाले, "वजनामुळं तसं होतं बाई. खाणं आवरा." तू परत सुरू केलंस, "तसं न्हाय, मन..." आणि मी मध्येच म्हणालो, "सांगतो की तिला मी, गोड कमी कर म्हणून." मन या शब्दावर मी तुला तोडलं, अक्का. माझं मन डॉक्टरांनी आपण होऊन विचारलं होतं. तुझं तू सांगायला गेलीस तर मी गुळावर बोललो. वाटेत टांग्यात तू बाहेर बघत होतीस आणि मी टांगेवाल्याला म्हणत होतो, घोड्याला दोन घास जास्त घाला बाबा, आज आमी दोघं हाय.

अव्वा गेली. जाताना म्हणाली, "गंगूची तुला ऱ्हायली." मला वाटलं हे आपल्याला करता येण्यासारखं आहे. दुकान आपलं, गूळ आपला, देव आपला. तुला आधी सांगितलं तर तू नको म्हणशील, म्हणून सांगितलं नाही. दर्शनाला जाऊ म्हणालो आणि टॅक्सी केली. तू हिरवं इरकली लुगडं नेसलीस, नवं पोलकं घातलंस. दुसऱ्या बायकांची पोलकी टेपानं मापून शिवायचीस, स्वतःचं मात्र अदमासानं कापायचीस, तरी ते छान बसलं होतं. वळसंगच्या रस्त्याला ज्वारी हुरड्याला आली होती. तू काच खाली करून वारा घेत होतीस आणि मला म्हणालीस, परत येताना हुरडा घेऊ. मी मनात खूश होतो.

देवळाजवळ टॅक्सी वळली आणि तुला चौकट दिसली. बँडवाले दिसले. मी निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं, माझ्या बहिणीचा मान म्हणून. तराजूला या वेळी दोन पदरी दोर लावला होता, आणि एक माणूस त्याला लोंबकळून तो टिकतो का ते बघत होता. लोक त्याच्याकडं बघून हसत होते. तू गाडीतून उतरली होतीस. ते बघितलंस, "साकु," म्हणालीस आणि परत आत जाऊन बसलीस. दार लावून घेतलंस.

मी काचेशी वाकलो. "अक्का, लोकं काय म्हनतील?" अव्वाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, माझ्या तोंडून आधी लोक निघाले.

"मला इचारलं का न्हाईस?"

"तू न्हाई म्हनली आसतीस."

"मग न्हाई म्हनू द्यायचं हुतं की."

अडलो की मी करतो तेच केलं. लोकांकडं वळलो, हात वर केले आणि म्हणालो, "आमचं दोघांचं एकच हाय, मीच बसतो." तुझ्या नवसाच्या तुलेत मी बसलो, अक्का. बँड वाजला. ढेपा पडल्या, हर हर झालं, विनोद झाले. तुझा मान होता तो मी घेतला आणि तू टॅक्सीच्या काचेतून बघत होतीस. परत येताना हुरड्याचं कुणीच काढलं नाही.

त्या दिवसानंतर दोन वर्षं तू उंबरा ओलांडला नाहीस. कपडे शिवून घेणाऱ्या बाया घरी यायच्या, त्यांच्याशी हसून बोलायचीस. त्या गेल्या की भिंतीकडं तोंड करून पडायचीस. गिरिजा दोनतीनदा म्हणाली, त्यांचं मन बरं नाही, कुणाला तरी दाखवा. मी म्हणालो, "रुसलीया, येईल बाहेर." रुसवा दोन वर्षं टिकत नाही, हे आडत दुकान चालवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं. मी रोज सकाळी तुझ्या दारातून दुकानात जाताना काहीतरी गमतीचं बोलायचो. तू हं म्हणायचीस. त्या हंवर मी दिवस काढायचो.

तुला सांगू का, त्या दोन वर्षांत मीही रात्री आडवा झोपत नव्हतो, उशांना टेकून बसायचो, दम लागायचा. सिनेमाला जाणं सोडलं होतं, खुर्चीत अडकून बसायची भीती. कुणी आपल्यावर हसायच्या आत आपणच हसवून मोकळं व्हायचं, हे मी इतकी वर्षं केलं की लोकांना वाटतं मला काही लागत नाही. आपण एकाच घरात, दोन खोल्यांत, एकच दुखणं घेऊन बसलो होतो. तू गप्प राहून सोसलंस आणि मी बडबड करून. तुझं गप्प राहणं सगळ्यांना दिसलं, निदान दोष द्यायला तरी. माझं कुणालाच दिसलं नाही. तुला सोडून.

मग एका सकाळी तू उठलीच नाहीस. त्या दिवशी खड्डा खणणारे दोघं दारात आले. आपल्यात माणसाला पुरताना आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसतं करतात, त्यामुळं रुंदी आधी कळावी लागते. त्यातला म्हातारा खाली बघत म्हणाला, "शेठ, माप लागंल. न्हेमीच्या मापात जमायचं न्हाय." गिरिजानं तुझ्या मशीनच्या खणातला टेप आणून माझ्या हातात दिला. मी तो घेऊन आत आलो. बाया बाजूला सरकल्या आणि सगळ्यांचे डोळे टेपाकडं लागले. गल्लीतल्या किती बायकांची मापं तू घेतलीस, तुझं कुणाला घेऊ दिलं नाहीस. मी तसाच बाहेर आलो. अंगणात मधोमध मांडी घालून बसलो आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "माझं माप घ्या. आमचं दोघांचं एकच हाय."

तो घुटमळला. मग त्यानं टेप लावला, एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत, मग पाठीपासून पोटापर्यंत, आणि आकडा मोठ्यानं आपल्या जोडीदाराला सांगितला. गल्ली बघत होती. एक विनोद माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला.

फुलांनी सजवलेल्या विमानात, बसत्या तिरडीत, तुला बसवून नेलं. खांदेकरी आळीपाळीनं बदलत होते, कुणी कण्हलं नाही, त्यांचे उपकार आहेत. खड्ड्यापाशी स्वामी म्हणाले, जवळच्यानं उतरून बसवावं. मी धोतर खोचलं. कुणीतरी म्हणालं, "तुमी नका उतरू शेठ, आमी हाव की." मागून दुसरा पुटपुटला, वर कोण काढणार. मी उतरलो. तुला खाली घेतलं, बसवलं, भस्म लावलं, पदर नीट केला. दोघांना मिळून जागा पुरेना. गुडघ्याला गुडघा लागला होता. इतकं जवळ आपण त्या तापात एका अंथरुणावर होतो त्यानंतर बसलोच नव्हतो. तिथं तुला सांगायचं होतं. वर शंभर माणसं वाकून बघत होती, आणि मी परत लोकांना भ्यालो.

मला वर काढायला सहा माणसं लागली. दोघांनी हात धरले, दोघांनी काखेत धरलं, बाकीच्यांनी कमरेला उपरणं बांधून ओढलं. मी अर्ध्यात अडकलो, पाय घसरला, तोंडात माती गेली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. ही वेळ माझी होती. एक वाक्य बोललो असतो तर सगळे मोकळेपणानं हसले असते आणि मी सुटलो असतो. मातीत पालथा पडून राहिलो आणि ते हसू अंगावर येऊ दिलं. ते असं लागतं हे मला माहीत होतं, पण इतका वेळ ते अंगावर राहतं हे माहीत नव्हतं.

त्या ओढाताणीत शर्टाची बाजूची शिवण उसवली. काल गिरिजा तो शर्ट घेऊन बसली आणि मला हाक मारली. आत शिवणीला दोन बोटं माया, जास्तीचं कापड, सोडलेली होती. मग तिनं पेटीतले सगळे शर्ट काढले. प्रत्येकात तसंच, आणि काहींत जुन्या शिवणीची भोकं दिसत होती. शर्ट घट्ट झाला असं मी म्हणालो की तू म्हणायचीस, "धुन्यात आटला आसंल, ठिव हितं." दुसऱ्या दिवशी तो बरोबर बसायचा. मला खरंच वाटायचं की कापड आटतं आणि परत सैल होतं. इतकी वर्षं तू मला शिंप्याच्या टेपापुढं उभं राहू दिलं नाहीस. म्हणजे तुला उत्तर ठाऊक होतं. तरीही तू विचारलंस. तुला फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे घरात तू एकटी राहिली नसतीस.

गिरिजानं सुई ओवता ओवता विचारलं, "वर काडताना त्यो हासला तवा तुमाला काय वाटलं?" मी नेहमीसारखं तोंड उघडलं. मग म्हणालो, लाज वाटली. तिनं सुई खाली ठेवली. "मला वाटायचं, तुमाला ती नसतीच," म्हणाली. सात वर्षांचा संसार आहे आमचा. मग तिनं शर्ट पुढं ओढून शिवायला घेतला.

अवघड काहीच नव्हतं, बघ. बायकोपुढं दोन शब्दांत झालं. घर पडलं नाही, दुकान बुडलं नाही, मी गडीमाणूस होतो तो राहिलो. हे त्या दिवशी जेवताना, तू मान खाली घालून मशीनवर होतीस तेव्हा झालं असतं. आता चौथ्यांदा तुझ्या बाकावर बसलोय आणि या वेळी उठणार नाही. तू विचारलं होतंस ना.

व्हय अक्का, वाटती. तवा बी वाटत हुती.